एका पाव्याची नको इतकी दुरुस्ती

एकच पावा मी एका आठवड्यात तीन जणांच्या हाती दिला होता. घोडनदीच्या काठाने मेंढरे घेऊन जाणाऱ्या नानांनी तो दोन फुंकांत खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्यो लय ग्वाड हाय. मेंढरं झोपतील." तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मुलींचे बँडपथक बसवणारे पवार सर त्याच आवाजाला कर्कश म्हणाले. "मॅडम, एकटा ठीक आहे. वीस मुली एकदम वाजवायला लागल्या की मुख्याध्यापक माझी बदली मागतील." आणि शनिवारी पुण्याहून मोटारीने येऊन आयर्लंडकडच्या नाचाच्या धुना वाजवणाऱ्या एका संगणक अभियंत्याने अत्यंत सभ्यपणे सांगितले, की आवाज गोडही नाही, कर्कशही नाही, पण या पाव्याला 'कॅरेक्टर' नाही.

नळी तीच, भोके तीच, हवाही शिरूरचीच होती.

या व्यवसायात अकरा वर्षे काढल्यावर अशा मतांची मला सवय झाली आहे. सुरुवातीला मात्र मी अस्वस्थ होत असे, कारण माझे पूर्वायुष्य अशा ठिकाणी गेले होते जिथे एका वस्तूबद्दल तीन मते असणे हा दोष मानला जाई. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केल्यानंतर सव्वीस वर्षे मी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मापन विभागात होते. यंत्रांचे सुटे भाग ठरलेल्या मापाचे आहेत की नाहीत, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासणे हे माझे काम. भाग मापात असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. चिठ्ठीला मत नसते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत पावे बनवू लागले. याचे कारण मी आजवर कोणालाही नीट सांगू शकलेले नाही. एवढेच म्हणेन, की भंगारात टाकलेल्या नळीच्या तुकड्यावर एकदा सहज फुंकले, सूर निघाला, आणि तो सूर मोजावा असे मला वाटले. वाजवण्याच्या बाबतीत मी अजूनही शिकाऊ आहे. मला तीन धुना येतात, आणि त्या मी दार लावून वाजवते.

पावा म्हणजे बासरी नव्हे, हेही येथेच सांगायला हवे. बासरी आडवी धरतात आणि ओठांनी हवा नेमकी भोकाच्या कडेवर मारावी लागते. तिथे वाजवणाऱ्याचे ओठ हेच अर्धे वाद्य असते. पावा उभा धरायचा आणि टोक तोंडात घेऊन सरळ फुंकायचे. मी बनवते ते पावे धातूचे असतात. परदेशात त्यांना टिन व्हिसल म्हणतात, आमच्या गल्लीत शिट्टी म्हणतात, आणि चाचणीसाठी मी वरचा सूर लावला की स्वयंपाकघरातून यजमान विचारतात, "किती झाल्या? गॅस बंद करू का?"

या वाद्याचे सारे मर्म तोंडाकडच्या दोन बोटे जागेत असते. तिथे नळीत एक लाकडी खुंटी बसवलेली असते. खुंटी आणि नळीचा वरचा पत्रा यांच्यामध्ये एक अरुंद फट राखतात. फुंकलेली हवा त्या फटीतून चपट्या पट्टीसारखी पुढे जाते आणि समोरच्या धारेवर आपटून दुभंगते. ती दुभंगली की आवाज होतो. खालची सहा भोके त्या आवाजाला फक्त वर-खाली नेतात. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी कमी-जास्त झाली, तरी पावा दुसऱ्याच कुणाचा होऊन बसतो.

सव्वीस वर्षांच्या सवयीने मी पहिल्याच वर्षी वाजवणाऱ्यांच्या मतांचे कोष्टक केले. गोडवा, जोर, फुंकेचा खर्च, बोटांची सोय असे रकाने पाडले, प्रत्येक मताला दहापैकी गुण दिले, सरासरी काढली आणि त्या सरासरीबरहुकूम एक पावा घडवला. त्यात कोणाचीही एकही तक्रार शिल्लक राहू नये, अशी योजना होती, आणि ती अक्षरशः सफल झाली. नाना म्हणाले, "बरा हाय." अभियंता म्हणाला, "नाइस." आणि दोघांनीही तो परत माझ्यासमोर ठेवला. फक्त पवार सरांनी त्या जातीचे वीस पावे मागितले, कारण कोणाचाच नसलेला आवाज वीस जणींमध्ये उत्तम मिसळतो. प्रजासत्ताक दिनी तालुक्याच्या मैदानावर त्या मुली वाजवत गेल्या तेव्हा मी फाटकापाशी गर्दीत उभी होते. एकही पावा बेसूर नव्हता. माझ्या जुन्या विभागाने वीसच्या वीस नगांना हिरवी चिठ्ठी दिली असती, हा विचार मनात येऊन मी त्या दिवशी घरी पायी आले.

कामाची माझी एक पद्धत आहे, ती थोडी विचित्र वाटेल. ग्राहक पावा वाजवून पाहू लागला की मी उठून आतल्या खोलीत जाते. एक तर कोणी माझ्या कामाची परीक्षा करत असताना समोर बसणे मला जमत नाही. दुसरे म्हणजे, माणसे समोर बसलेल्या बाईला खरे सांगत नाहीत. यजमान मात्र बाहेर वर्तमानपत्र धरून बसलेले असतात. ते नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. खोटे बोलणाऱ्याचा चेहरा त्यांना वर्तमानपत्राच्या वरून दिसतो.

साळवे मामा आमच्याकडे आले, तेव्हा आंबेडकर जयंतीला दीड महिना उरला होता. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या शर्टाची सगळी बटणे लावलेले, हातात रुमालात गुंडाळलेली लांबट वस्तू.

"जय भीम, मॅडम. दौंडवरनं आलोय. शिट्टीचं काम करता ते तुम्हीच का?"

"मीच. बसा ना."

"न्हाई, म्हंजी, बाहेर बोर्ड न्हाई. दोन घरं हुडकली. एका घरी कुकर दुरुस्तीवाला समजून भांडं आणून दाखवलं मला."

पाटी लावण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

मामा मालगाडीचे गार्ड म्हणून दौंडला निवृत्त झाले होते. रुमालातून त्यांनी एक पावा काढला; तसा मी आजवर चित्रातच पाहिला होता. पातळ पत्रा गुंडाळून केलेली, खाली निमुळती होत गेलेली नळी. काळा रंग बोटांच्या जागी पार गेलेला. मामा नोकरीला नवे असताना रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने तो त्यांना दिला होता आणि सिग्नल मिळेपर्यंतच्या रिकाम्या वेळात शिकवलाही होता. मामांनी तो भीमगीतांच्या पथकात नेला. चव्वेचाळीस वर्षे त्या पथकाच्या प्रत्येक गाण्याची सुरुवात याच पाव्याने होत आली होती. आता तो कपाटाच्या दारात सापडून तोंडापाशी चेपला होता.

"जयंतीच्या आत व्हायला पायजे," मामा म्हणाले. "आमच्या गाणाऱ्या सुमनताईनं सांगितलंय, मामा, शिट्टी झाली तर ठीक, न्हाई तर प्रकाशरावांच्या कीबोर्डात बासरीचं बटन हाय. वाईट न्हाई ती, खरंच सांगती. पर एकदा का त्या बटनावर गाणं सुरू झालं, की मला टाळ्या वाजवायला बसवत्याल. मग येतंय कोण?"

मी म्हणाले, होईल. हा शब्द मी क्वचित देते; त्या दिवशी फार सहज दिला.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला अकरा वर्षांतील कोणत्याही गोष्टीपेक्षा जड जाते. मी त्या नळीची लांबी मोजली. सहाही भोकांचे व्यास मोजले. पत्र्याची जाडी तीन ठिकाणी मोजली. मग भिंगाखाली तोंडाचा भाग पाहिला. खुंटी झिजलेली होती, एका अंगाला फुगलेली होती, आणि फटीत काळपट तपकिरी थर साचला होता: चव्वेचाळीस वर्षांचा श्वास, धूळ आणि लाळ. मला तो कचरा वाटला. खुंटी ओढली तर ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. थर मी खरवडून काढला. धार सरळ केली, चेपलेला पत्रा उठवला आणि सागाची नवी खुंटी इतकी नेमकी बसवली, की माझ्या जुन्या साहेबांनी ती दुसऱ्या विभागांना दाखवायला नेली असती. जुन्या खुंटीचे तुकडे टेबलावरून कचऱ्याच्या डब्यात गेले आणि सकाळी घंटागाडी डबा घेऊन गेली.

कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवत असे: भाग काढण्यापूर्वी तो होता तसा मोजायचा. मी सगळे मोजले होते, फक्त ती फट सोडून. बिघडलेली गोष्ट काय मोजायची, असे मला वाटले असावे.

पावा स्वच्छ वाजू लागला. मी दार लावून माझ्या तीन धुना त्यावर वाजवल्या आणि माझ्यासारखीच्या हातूनसुद्धा तो सुरेल वाजला. आठ दिवसांनी मामा आले. मी पावा त्यांच्या हातात दिला आणि नेहमीप्रमाणे आत गेले.

एक लांब सूर आला, मग एक ओळ अर्धवट आली, आणि मग बराच वेळ काहीच आले नाही.

"लय सुंदर झाला बरं का, मॅडम," मामा बाहेरून मोठ्याने म्हणाले. "एकदम नवा!"

मी बाहेर येईपर्यंत ते पायऱ्या उतरले होते. यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "त्यांनी तो रुमालात गुंडाळला नाही," ते म्हणाले. "पिशवीत टाकला. मोकळाच."

मी चपला घालून एसटी स्टँडवर गेले. दौंडची गाडी लागलेली होती आणि मामा खिडकीशी बसले होते. मी खाली उभी राहून म्हणाले, "मामा, खरे सांगा."

त्यांनी पिशवी मांडीवर सरकवली. "ताई, तुम्ही येवढं झटला, त्याच्यावर काय बोलू? आवाज झ्याक हाय. पर माझा न्हाई. फुंकलं की सुळ्ळकन निघून जातंय, हाताला कायच लागंना." मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. "ती जुनी खुंटी हाय न्हवं? तीच घाला की परत. चेपकी असूद्या."

माझ्याभोवती माणसे चढत-उतरत होती. मी म्हणाले, "मामा, ती मी टाकून दिली."

त्यांनी पिशवीचे तोंड बंद केले. रागावले असते तर मला सोपे गेले असते. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग."

त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे मी दुसरे काम हाती घेतले नाही. मामांच्या पाव्याच्या टिपून ठेवलेल्या मापांवरून तशीच एक नळी केली आणि तिच्यासाठी वेगवेगळ्या लाकडांच्या, वेगवेगळ्या उतारांच्या खुंट्या कोरल्या. पण कोणता आवाज शोधते आहे हेच मला ठाऊक नव्हते, कारण मूळ आवाज मी एकदाही ऐकलेला नव्हता. पावा माझ्याकडे आला तो चेपलेला. शेवटी यजमान म्हणाले, "मूळ आवाज त्या पथकाच्या कानात आहे. तिकडे जा." अनोळखी माणसांच्या तालमीत जाऊन बसणे ही कल्पना मला कितपत मानवते, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी मला एकटीलाच गाडीत बसवून दिले.

न्हावरे, चौफुला, पाटस असा तो रस्ता. पाटसजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अर्धा तास खोळंबली आणि त्या अर्ध्या तासात परत फिरण्याची तीन सबळ कारणे मला सुचली. दौंडला पोचले तेव्हा समाजमंदिरात तालीम सुरू झाली होती. सुमनताई अंगणवाडी सेविका. आवाज असा, की त्यांना माईकची गरज फक्त रिवाज म्हणून असावी. कीबोर्डवर प्रकाशराव, वीज मंडळात नोकरी करणारे, शांत गृहस्थ. ढोलकीवाले, दोन-तीन मागे गाणाऱ्या बायका. मामा भिंतीशी पावा मांडीवर ठेवून बसले होते.

"ह्याच का त्या मॅडम?" सुमनताई म्हणाल्या. "अवो, किती छान केलीय तुम्ही शिट्टी! आता कशी निरमळ वाजती. आधी निस्ती घोगरी होती. थांबा, दाखवते तुम्हाला." त्यांनी मोबाइलवर गेल्या जयंतीचे ध्वनिमुद्रण लावले.

मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. घोगरा होता हे खरेच. सुराभोवती फुंकेची एक खरखर होती, कोणी जवळ येऊन बोलावे तशी. माझ्या कोष्टकात त्याला गोडव्याचे दहापैकी तीन गुण पडले असते.

मी विनंती केली, की मामांनी आता तीच ओळ वाजवावी; आणि मी सवयीने उठून बाहेर व्हरांड्यात गेले. आवाज कसा आहे हे ऐकायचे मी त्या वेळी मुद्दाम टाळले. फक्त ढोलकीच्या मात्रा मोजल्या. मामा अकराव्या मात्रेला थांबले, श्वास घेतला, आणि ओळ पुढे नेली. मी आत जाऊन सुमनताईंना ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले. गेल्या वर्षी तीच ओळ सोळा मात्रांची होती, एका श्वासात.

"मामा, दम मध्येच का तुटतो?"

"वय झालं, ताई."

"गेल्या वर्षीही वय होतेच की."

बायका हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी पावा माझ्यापुढे धरला.

तीन आठवडे मी आवाजाचा दोष शोधत होते, कारण मामांनी मला सांगितले होते की आवाज गेला. वाजवणारे तसेच सांगतात. तोंडात, छातीत, बोटांत जे खटकते त्यासाठी त्यांच्याजवळ वेगळा शब्द नसतो, म्हणून ते सगळे आवाजाच्या नावावर घालतात. मी खरवडलेल्या त्या थराने फट बुजवत बुजवत अरुंद केली होती. हवा अडत अडत जाई, आणि त्या अडण्यावर रेलून मामांची छाती सत्तरीतही सोळा मात्रा काढत होती. मी वाट मोकळी केली आणि त्यांचा श्वास पहिल्या काही मात्रांतच उधळला गेला.

पिशवीत माझे फिलर गेज होते. हा पोलादी पात्यांचा जुडगा असतो. प्रत्येक पाते ठरलेल्या जाडीचे, काही तर केसाइतकी पातळ, आणि त्यांनी यंत्रांमधल्या फटी मोजतात. नोकरीतून निघताना सहकाऱ्यांनी मला ते भेट दिले होते. मोजण्याचे साधन कापायचे नसते. मी कात्री मागितली, सर्वांत पातळ पाते कापले, खुंटी बाहेर काढून तिच्या माथ्यावर ठेवले आणि लाखेच्या एका थेंबाने चिकटवले. मामांनी फुंकले: बारा मात्रा. ते काढून मी त्याहून जाड पाते लावले: चौदा. तिसऱ्या पात्याला ढोलकीवाल्यांनी सोळावी थाप दिली आणि सूर अजून चालू होता.

"बसला!" प्रकाशराव म्हणाले. कीबोर्डवाला सर्वांत आधी आनंदला, याची मला गंमत वाटली.

सुमनताई म्हणाल्या, "आता दम बी पुरतोय आन् आवाज बी साफ. झालं की! चला, पुढचं घेऊ."

मामा पावा उलटसुलट करून पाहत होते. "दम पुरला," ते हळू म्हणाले. "पर आवाज अजून पाव्हण्यावानी हाय."

मी पाते पुन्हा सोडवले, खरखरीत पॉलिश-पेपर घेऊन त्याचा माथा आडवा घासला आणि परत बसवले. हवेची पट्टी आता थोडी विस्कटून धारेवर जाणार होती. हे करताना मला शब्दशः वेदना झाल्या, कारण नेमका हाच दोष काढायला मी सव्वीस वर्षे पगार घेतला होता. मामांनी फुंकले. खरखर आली.

"अगं बाई!" सुमनताई म्हणाल्या. "मामा, बसला का परत घसा तुमच्या शिट्टीचा?"

"माझा बसलाय, तर तिचा बसनारच."

"चेष्टा नको. ह्या वर्षी मोठं साउंड लावलंय. हे घोगरं पार स्टेशनापर्यंत ऐकू जाईल. मॅडम, तुम्ही जाणकार. तुम्हीच सांगा, चांगला आवाज कुठला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तिथे आतली खोली नव्हती. मी म्हणाले, "ऐकायला मघाचा चांगला होता. मला विचाराल तर मीही तोच निवडला असता. पण वाजवायचा मामांना आहे."

"आन् ऐकायचा आम्ही!"

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आमच्या व्यवसायात याला उत्तर नाही. पावा नक्की कोणासाठी घडवायचा, तोंडाजवळच्या माणसासाठी की कानाजवळच्या, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. मी एवढेच सुचवले, की दोन्ही प्रकारे एकेकदा पूर्ण गाणे म्हणून पाहू. पहिल्यांदा त्याच पात्याच्या उरलेल्या गुळगुळीत तुकड्यावर. मामांनी सुरुवात बिनचूक वाजवली, एकेक सूर सांभाळून, पाहुण्यांच्या घरी ताट उचलावे तशी. सुमनताई उत्तम गायल्या. मग मी घासलेले पाते बसवले.

मामांनी डोळे मिटले. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांनी सूर सरळ न सोडता थोडा खाली ओढला, तिथेच घोळवला आणि मग वर नेऊन ठेवला. असे त्यांनी त्या दिवशी एकदाही केले नव्हते. गेल्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणातही ते नव्हते. सुमनताईंनी तोंड उघडले होते, त्या थांबल्या. मामांनी तीच जागा दुसऱ्यांदा घेतली, आता जास्त लांबवून. तिसऱ्या वेळी सुमनताईंनी आपली ओळ नेहमीच्या चालीवर न म्हणता मामांच्या त्या वळणावरून नेली, आणि मागे बसलेल्या बायकांपैकी एक जण "हां!" म्हणून मांडीवर थाप मारून मोकळी झाली.

गाणे संपल्यावर सुमनताईंनी पदराने कपाळ टिपले. "प्रकाशराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही आपला खालचा सूर धरा निस्ता. बासरीचं बटन ऱ्हाऊ द्या."

"मला बी तेच सोपं जातंय," प्रकाशराव म्हणाले. "कवापासनं सांगतोय."

मामांनी खिशातून रुमाल काढला, पावा पुसला आणि त्यात गुंडाळला.  सुमनताई मला बसपर्यंत पोचवायला आल्या आणि वाटेत म्हणाल्या, "मॅडम, मला अजून बी मघाचाच आवाज आवडला बरं का. पर त्यांनी जे वाजवलं, ते त्याच्यावर वाजलं नसतं. न्हाई का?"

मी म्हणाले, "नसते."

जयंतीच्या संध्याकाळी मी यजमानांना घेऊन दौंडला गेले. मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. आम्हाला पुढे बोलावत होते, पण मी मागच्या बाजूला बायकांमध्ये बसले. निळ्या झेंड्यांच्या माळा, लहान मुलांची पळापळ, ध्वनिक्षेपकावर कोणी तरी कोणाला तरी मंचावर बोलावत होते. मग बोलणे थांबले आणि पाव्याचा पहिला सूर आला. सुमनताईंचा अंदाज बरोबर होता. ती खरखर मैदानाच्या कडेपर्यंत पोचली. माझ्या हातांनी नकळत मांडीवर मात्रा धरल्या. सोळा झाल्या. मामा थांबले नाहीत. सुमनताई माईकसमोर हात जोडून उभ्या होत्या, ढोलकीवाल्यांनी थाप उचलून धरली होती, आणि सगळे पथक एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास संपण्याची वाट पाहत होते. तो विसाव्या मात्रेला संपला.

शेजारी बसलेल्या आजींनी मला कोपराने हळूच ढोसले. "साळवे गार्ड हायेत ते. दर साली वाजवत्यात." मग किंचित पुढे वाकून, कान देऊन म्हणाल्या, "मधी कुनी म्हनत हुतं, शिट्टी मोडली त्यांची, नवी आणलीय शिरूरवरनं. नवी कुठली? जुनीच तर हाय."

"हो," मी म्हणाले. "जुनीच आहे."